दुपारचं धुरकं

माझी सासू माझी साहेब आहे. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग कीव आल्यासारखं तोंड करतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे वर तुम्ही दोघीच असता?"

हो, दोघीच असतो. डोंगराच्या टोकावरच्या दगडी वेधशाळेत, जिथून पुढे चढायला जागाच उरत नाही. भांडून निघून जावं म्हटलं तर रोपवे चालू हवा, आणि वारा बघून रोपवे चालू ठेवायचा की बंद, हे सांगणार सासूच. एकदा मी बॅग भरून दारापर्यंत गेले होते. तिने खिडकीतून वर बघितलं, वायरलेस उचलला आणि म्हणाली, "रोपवे बंद ठेवा, वारा वाढलाय." मला वाटलं, मुद्दाम करतेय. दाराबाहेर पाय टाकला तर बॅग हातातून सुटली ती थेट कुंपणाच्या तारेत जाऊन अडकली. तिनेच ती सोडवून आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चहा टाक."

अशी बाई आहे. तिच्यावर राग धरून ठेवायला फार मेहनत पडते. बाकी जगावर मला तो फुकटात येतो.

मी सून नंतर झाले, आधी तिची ज्युनियर होते. बाकीच्या सासवा सुनेला खुर्चीत बसवून पारखतात. मला तिने भर हिवाळ्यात पारखलं, मी शिडीवर चढून वारा मोजायच्या फिरत्या वाट्यांवरचा बर्फ लाकडी हातोडीने फोडत असताना. खाली उभी राहून ओरडत होती, "वाटीला लागू देऊ नकोस, तुला लागलं तर चालेल!" तिचा मुलगा खाली रोपवेच्या मोटारघरात होता. मी वर जायला निघाले की तो माझी ट्रॉली जरा सावकाश सोडायचा. मला वाटलं मोटार बिघडलीय. मी लेखी तक्रार केली. ती तक्रार चौकशीला त्याच्याकडेच गेली, आणि उत्तर घेऊन तो स्वतः वर आला.

लग्न झाल्यावर सासूने एकच नियम घातला. रोपवेच्या मधल्या खांबाच्या वर ती 'मॅडम' आणि मी 'ज्युनियर'. खांबाच्या खाली ती 'आई' आणि मी 'अगं'. ट्रॉली खांबाजवळून जाताना मध्येच बोलणं चाललं असेल तर वाक्य एका नात्यात सुरू व्हायचं आणि दुसऱ्यात संपायचं. "मॅडम, तो पर्जन्यमापक गळतोय, आणि आई, येताना बटाटे आणायचे राहिले."

आमचं काम सोपं आहे असं खालच्यांना वाटतं. त्यांना बरंच काही वाटतं. ठरलेल्या वेळी बाहेर जायचं, मग बाहेर काहीही असो. झडपांच्या पांढऱ्या पेटीतले तापमापी वाचायचे. वाऱ्याचा वेग, दिशा, हवेचा दाब बघायचा. मान मोडेपर्यंत वर बघून ढग कुठले आणि किती ते ठरवायचं. मग मॅडम नकाशा पसरून बसते, पेन्सिल कानामागे खोचते, आणि उद्याची हवा कशी असेल ते खालच्या गावाला वायरलेसवरून सांगते. गावात तिचं नाव ढगाबाई. तिने "छत्री असू द्या" म्हटलं की लख्ख उन्हातही माणसं छत्री घेऊन निघतात. त्या आवाजावर ट्रक निघतात, छपरं घातली जातात, पोरांच्या सहली ठरतात आणि मोडतात.

एका गोष्टीला मात्र आमच्याकडे यंत्र नाही. किती लांबचं दिसतंय, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. त्यासाठी खुणा ठरलेल्या आहेत. सगळ्यांत जवळची खूण मधला खांब. मग गावातलं आमचंच घर, त्याच्यावर निळी टाकी आहे म्हणून. मग गिरणीची चिमणी, मग तळ्याचा बांध, आणि शेवटी पार पलीकडच्या डोंगररांगेतली खिंड. गच्चीच्या दगडी कठड्यावर प्रत्येक खुणेच्या दिशेने एकेक बाण कोरलेला आहे. खिंड दिसली की हवा धुतल्यासारखी. खिंड गेली, बांध दिसतोय, म्हणजे थोडं धुरकं. असं एकेक करत खांबसुद्धा गेला की आपण ढगाच्या पोटात आहोत असं समजायचं आणि चहा टाकायचा.

सकाळ माझी, दुपार मॅडमची. त्या वर्षी हिवाळा संपला आणि दुपारी धुरकं पडायला लागलं.

"ज्युनियर, खिंड गेली," एके दिवशी गच्चीवरून हाक आली.

मी स्वेटर ओढत बाहेर आले. खिंड जागच्या जागी होती. दात पडल्यासारखी दोन डोंगरांमधली फट, तिच्यामागचं आभाळसुद्धा दिसत होतं.

"मॅडम, दिसतेय की."

"तुला आठवतेय. दिसत नाहीये."

"अहो, दिसतेय!"

"खिंड कुठे आहे हे ज्याला पाठ आहे, त्याला ती ढगातही दिसते. नव्या माणसांचा हा रोगच आहे. जे समोर आहे तेवढंच बघायला शीक."

"मी नवी? माझी इथली टोपी तिसरी आहे."

"टोप्या तू हरवतेस म्हणून," ती म्हणाली आणि धुरकं लिहून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं. उन्हाळ्यापर्यंत खिंडीच्या जोडीने बांधही जायला लागला. सकाळी मी खिंड दिसते म्हणून कळवायचे आणि दुपारी ती बांधही दिसत नाही म्हणून कळवायची. ऊन पश्चिमेला कललं, समोरून डोळ्यांवर आलं, की तिच्या लेखी सगळी दरी दुधात बुडायची. ती चिडायची. गिरणीवाल्यांवर चिडायची, खालच्या रस्त्यावर धूळ उडवणाऱ्या ट्रकवाल्यांवर चिडायची. "माणसाने हवेची पार वाट लावली," असं ती त्या स्वच्छ, निळ्या, काचेसारख्या हवेकडे बघून म्हणायची.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. "तुझ्या आईला दिसत नाहीये."

"तिला? तिला माझ्या शर्टाचं निघालेलं बटण रोपवेच्या ट्रॉलीतून दिसतं."

"ते आधी. परवा तिने चहा कपाच्या शेजारी ओतला. तू बोल तिच्याशी."

"मी काय बोलू? ती मला अजून विचारते, स्वेटर घातलास का. आणि तुला तरी कुठे दिसतं? त्या दिवशी बसची पाटी चुकीची वाचलीस, भलत्याच फाट्यावर उतरलो आपण."

"बसवर चिखल होता."

"नव्हता."

विषय तिथेच मेला. घरोघरी विषय असेच मरतात. माणसाला आपल्या आईला दिसेनासं झालंय हे बघायचं नसतं, म्हणून तो बायकोच्या डोळ्यांवर घसरतो.

आता खालच्या मोठ्या ऑफिसचं ऐका. निरीक्षकाच्या डोळ्यांची दरवर्षी तपासणी व्हायला हवी असा नियम आहे. माझी होत नव्हती, कारण कोणाच्या लक्षात नव्हतं. तिची होत नव्हती, कारण मोठे साहेब म्हणायचे, "मॅडमची कसली तपासणी? त्यांच्यामुळे आपल्याला दिसतं!" आणि हसायचे. हा आदर नाही, आळस आहे. आदराचं नाव दिलं की आळसाला कोणी हात लावत नाही. तर अशा या ऑफिसात कोणाच्या तरी लक्षात आलं की शिखरावर सकाळी हवा स्वच्छ असते आणि दुपारी नेमाने धुरकं पडतं. सकाळ-दुपार माणसं वेगळी आहेत, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याला काहीतरी नवीन सापडलं. त्याला नावही दिलं: 'दुपारचं शिखर-धुरकं'. आणि त्याचा अभ्यास करायला एक संशोधक पाठवला.

संशोधक माणूस वाईट नव्हता. काडीसारखा, सभ्य, वर पोचल्या पोचल्या विरळ हवेने डोकं धरून बसलेला. सोबत एक ट्रंक होती. ट्रंकेत हवेतली धूळ मोजायचं यंत्र. सासूला तो इतका आवडला की तिने त्याला स्वतःची जाड कानटोपी दिली. मला इतक्या वर्षांत दिली नव्हती.

दुपारी ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. मी मागे उभी होते. हवा अशी होती की बांधावरून चाललेली गाडी चमकताना दिसावी.

"बघा," ती म्हणाली. "गिरणीच्या पलीकडे काही आहे का?"

संशोधकाने बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की त्याला बांध दिसला, खिंड दिसली, आणि मग मॅडमचं तोंड दिसलं.

"खरंय," तो म्हणाला. "चांगलंच दाट आहे."

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. उकडलेले बटाटे सोलायला दिले आणि विचारलं, "तुम्हाला धुरकं दिसलं?"

"म्हणजे... माझ्या डोळ्याला तेवढी सवय नाही. मॅडम म्हणतात म्हणजे असणारच."

"आणि यंत्राला?"

तो बटाट्याशी बोलल्यासारखा बोलला. "यंत्र सुरुवातीला फारच स्वच्छ हवा दाखवत होतं. प्रवासात हललं असणार. मग मी ते जुळवून घेतलं."

"कशाशी?"

"मॅडमच्या वाचनाशी."

हा माणूस यंत्र घेऊन इतक्या वर आला होता आणि इथे येऊन त्याने ते माझ्या सासूच्या डोळ्यांप्रमाणे आंधळं करून घेतलं होतं! "तुम्ही शिकलात कशाला?" मी विचारलं. त्याने सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. ओरडून काय सांगणार होते? पुढे काय होईल हे मला ठाऊक होतं. डोळे गेले म्हटल्यावर ऑफिस तिला खाली आणणार, टेबलखुर्ची देणार, आणि चार महिन्यांनी एक हार घालून घरी पाठवणार. आणि घरी ती काय करणार? तिने एकदाच सांगितलं होतं, दाब मोजायच्या जुन्या यंत्राचा काटा तेल लावून सोडवताना. ऑफिसने ते यंत्र भंगारात काढलं होतं, हिने परत मागवून दुरुस्त केलं होतं. म्हणाली होती, "मला खाली ठेवू नका गं. खाली आभाळ कडेकडेने कापलेलं असतं." अशा बाईला मी काय तोंडाने सांगणार?

मग शिडीची गोष्ट घडली.

वाऱ्याच्या वाट्या अडकल्या होत्या. कुठून तरी उडत आलेली चिंधी तारेत गुंतली होती. मी आत होते. मॅडम स्वतःच शिडी चढली, चिंधी काढली, आणि उतरताना जिथे पायरी नव्हती तिथे पाय ठेवला. मी खिडकीतून बघितलं. तिचा एक हात शिडीला, बाकी सगळी बाई हवेत, आणि खाली कड्यापर्यंत नुसता उतार. संशोधक धावला, मी धावले. तोपर्यंत तिने पाय शोधला आणि खाली आली.

"पायरी ओली होती," ती म्हणाली.

पायरी कोरडी होती. आठवडाभर पाऊस नव्हता, आणि हे तिनेच लिहिलं होतं. ओल्या पायरीवरून पाय घसरतो. नसलेल्या पायरीवर पाय ठेवला जातो, तो पायरी दिसली नाही म्हणून. तिच्या हाताची सालटं निघाली होती. तो हात लपवायला तिने खिशात घातला. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिचा राग, ऑफिसचा राग, मूग गिळून बसलेल्या त्या कानटोपीवाल्याचा राग.

"मॅडम," मी म्हणाले, "दोन यंत्रं भांडतायत."

ती थांबली. हे तिचंच वाक्य होतं. दोन तापमापी वेगवेगळा आकडा सांगायला लागले की ती म्हणायची: दोन यंत्रं भांडली की नवं कोण आणि जुनं कोण हे बघायचं नाही. शेजारी टांगायची, एकाच वेळी वाचायची, वाचताना तोंड बंद. या कामाला आमच्याकडे जोडवाचन म्हणतात. सगळी यंत्रं त्यातून जातात. डोळे कधी गेले नव्हते.

"कुठली दोन?" तिने विचारलं. पण तिला कळलं होतं.

"तुमचे आणि माझे."

ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे माझ्या दिशेने. मग म्हणाली, "खूण कुठली घेणार? खिंड नको, ती तुला पाठ आहे."

"पाठ नसलेली घेऊ. घरी तुमचा मुलगा आहे आज. त्याला चादरी टांगायला सांगू. टांगायच्या की नाही, किती टांगायच्या, कुठल्या रंगाच्या, ते त्याचं त्याने ठरवायचं. आपल्याला सांगायचं नाही."

"चालेल," ती म्हणाली. "वायरलेस लाव."

नवरा वायरलेस घेऊन घराच्या गच्चीवर चढला. त्याला काहीच कळेना. "आई, चादरी कशाला? कालच धुतल्यात."

"टांग म्हटलं की टांग. आणि दिसेल अशी टांग, एकावर एक घालू नकोस."

"खांबाच्या वर मी पोरगा नाही, मोटारघरचा कर्मचारी आहे. असा हुकूम लेखी लागतो."

"तू आत्ता खांबाच्या खाली आहेस. मुकाट्याने टांग."

आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहिलो, एकमेकींकडे पाठ फिरवून, माना तेवढ्या घराच्या बाणाकडे वळवून. दिसलं तर हात वर, नाही तर खाली. मी आणखी बोटांनी सांगायचं किती चादरी. संशोधक मध्ये उभा राहून आम्हा दोघींचे हात बघत होता आणि वायरलेसवर "झालं?" विचारत होता.

पहिल्यांदा मला निळ्या टाकीच्या शेजारी पांढरा ठिपका दिसला. मी हात वर केला. तिने केला नाही.

"एक पांढरी," खालून आवाज आला.

दुसऱ्यांदा मला काहीच दिसलं नाही. आमचे दोघींचे हात खाली. "काढली सगळी," तो म्हणाला. "शेजारची काकू विचारतेय, हवा पालटणार आहे का." तिसऱ्यांदा दोन ठिपके. चौथ्यांदा मी नीट बघितलं आणि म्हणाले, "लाल. याने माझी नवी रजई टांगलीय!" आणि खालून तो म्हणाला, "लाल रजई. तुला कसं कळलं?"

तिचा हात एकदाही वर गेला नाही. एक गोष्ट मी तेव्हा बघितली आणि ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती अंदाज करू शकली असती. हात अधूनमधून वर केला असता तर निम्म्या वेळा बरोबर आली असती, आणि संशोधकाने आनंदाने उरलेलं जुळवून घेतलं असतं. तिने ते केलं नाही. दिसत नव्हतं, म्हणून हात खाली ठेवला. प्रत्येक वेळी, ताठ उभी राहून.

"टाकी दिसते का, मॅडम?" मी हळू विचारलं.

"नाही."

"घर?"

म्हणजे गिरणीची चिमणीसुद्धा ती इतके दिवस पाठ म्हणूनच लिहीत होती. मग खिशातला सालटं निघालेला हात काढून तिने कठड्यावरचा बाण चाचपला. "इकडे आहे ना घर?" तिने विचारलं.

"हो, आई," मी म्हणाले. खांबाच्या वर, ड्युटीवर. ती ओरडली नाही.

वायरलेसवर नवरा अजून होता. "आई? काय झालं? अजून टांगू?"

"नको. काढ सगळ्या. घड्या नीट घाल." तिने खटका बंद केला आणि माझ्याकडे वळली. "दोष असलेलं यंत्र आपण काय करतो?"

"खाली पाठवतो. दुरुस्तीला."

"आणि जुनं असलं तर?"

"जुनं असलं तरी आधी दुरुस्त होतं का ते बघतो. भंगारात काढू देत नाही. इथे एक आहेच तसं, रोज वाचतो आपण."

ती हसली नाही, पण तिने माझी टोपी नीट केली. टोपी नीटच होती.

मग तिने आत जाऊन मोठ्या ऑफिसला वायरलेस लावला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं: हिवाळा संपल्यापासूनची दुपारची माझी सगळी लांबच्या नजरेची वाचनं बाद धरा. धुरकं नव्हतं. निरीक्षकाच्या डोळ्यात दोष आहे. साहेबांचा आवाज पातळ झाला. "मॅडम, एवढं काय त्यात! त्या धुरक्यावरचा आपला लेख आता छपाईला गेलाय हो. आपण असं करू, राहू दे. होतं कधीकधी."

"लेख परत मागवा."

"पण त्यात तुमचंही नाव आहे. मानाची गोष्ट आहे."

"माझं नाव दुसरीकडे लावा. डोळ्यांच्या तपासणीच्या यादीत."

मी तिच्यामागे उभी राहून टाळी वाजवली. संशोधकाने त्या दुपारी यंत्र पुन्हा मूळ मापावर आणलं आणि पहिल्यांदाच पोटभर जेवला.

ट्रॉलीतून खाली येताना मधला खांब आला. ती म्हणाली, "ज्युनियर, वाट्यांना तेल दे हं," आणि खांब मागे गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "अगं, दुखतं का गं ते ऑपरेशन?"

मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, इतका पिकेपर्यंत काय करत होता? मी म्हणाले, हवामान कळवत होतो. एक डोळा झाला, मग काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी निघाल्यावर तिने घर बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "हे घर इतकं कळकट कधीपासून आहे?" मग मुलाकडे वळली. "तू जाड झालास." मग माझ्याकडे. मी सावरून बसले. ती जवळ आली, माझ्या कानाजवळची बट बोटांनी उचलली आणि म्हणाली, "अगं बाई, पिकले की तुझे. आणि मी रोज शेजारी उभी." तेवढंच. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि कप-बशा पुन्हा धुवायला काढल्या.

ऑफिसने अपेक्षेप्रमाणे हार तयार ठेवला होता. आता आराम करा, मॅडम. ती तपासणीला गेली, बोर्डावरची सगळ्यांत खालची ओळ वाचली, आणि खाली छापखान्याचं नावही वाचलं. नियमात कुठेही असं लिहिलेलं नाही की दुरुस्त झालेला डोळा चालत नाही. साहेबांनी नियम तिसऱ्यांदा वाचला आणि हार कुठल्यातरी दुसऱ्याच्या गळ्यात गेला.

ती परत आली तो दिवस लख्ख होता. ट्रॉलीतून उतरली ती बॅग न ठेवताच गच्चीवर गेली. मी मागे चहा घेऊन उभी होते. तिच्या तोंडाकडे बघत होते, खाली बघायची मला गरज नव्हती.

"खिंड आहे," ती म्हणाली.

"आहे, मॅडम."

"आणि खिंडीतला मनोराही."

मी चहा खाली ठेवला. "कुठला मनोरा?"

"नवा दिसतोय. तारांचा. खिंडीच्या डाव्या अंगाला, बारीक."

मी कठड्याशी गेले, डोळे बारीक केले, हाताची सावली केली. खिंड होती. दात पडल्यासारखी फट होती. "तिथे काही नाही," मी म्हणाले. "तुमच्या नव्या भिंगात काहीतरी आलं असेल."

"भिंगात मनोरा येतो?"

"येत असेल. मी रोज बघते ही खिंड. मनोरा असता तर मला दिसला नसता?"

ती माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांनी ती खरोखर माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही हळूहळू पसरायला लागलं, ते बघून मला त्या बसची पाटी आठवली. चिखल नव्हताच बहुतेक.

"खिंड तुला पाठ आहे, ज्युनियर," ती म्हणाली. आणि वायरलेस उचलून, गावातल्या सगळ्यांच्या ओळखीच्या त्या आवाजात तिने हाक दिली, "पोरा, गच्चीवर चढ. चादरी टांग. बारीक नक्षीच्या टांग."